९९९९९ नंतरचा आकडा

बाबांच्या चेतकच्या मीटरला पाच खाने होते. मी तिसरीत असताना एका रविवारी कात्रजचा घाट चढताना बाबांनी स्कूटर कडेला घेतली आणि म्हणाले, "बघ गं, आता मीटर फिरणार आहे." मी पुढे, हँडल आणि सीटच्या मधल्या जागेत उभी होते, त्यामुळे मीटर अगदी नाकासमोर. ९९९९९. बाबांनी गाडी परत सुरू केली, हळूहळू पुढे घेतली, आणि पाचही चाकं एकदम सरकून तिथे ००००० आलं. लाख किलोमीटर चाललेली गाडी मीटरच्या हिशेबाने त्या क्षणी कोरी झाली.

पाच-सहा महिन्यांनी ती विकायला काढली. बघायला आलेल्या काकांनी वाकून मीटर वाचला: ०२१४०. "अरे वा, दोनच हजार! मला मेकॅनिकने बजावलंय, पन्नास हजारांच्या वर चाललेली घेऊ नका." बाबा म्हणाले, "साहेब, एक लाख दोन हजार चाललीय. मीटर एकदा फिरून आलाय." काका थबकले, पुन्हा गाडीभोवती फिरले आणि भाव पाडून घेऊन गेले.

आज मी हिंजवडीत डिव्हाइस ड्रायव्हर लिहिण्याचं काम करते, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यातला कोड. तिथे ते काका मला वरचेवर आठवतात. त्यांचा नियम योग्य होता. त्यांनी तो लावूनही पाहिला. पण ज्या आकड्यावर नियम लावला तो आकडाच फिरून आलेला होता, आणि समोरचा माणूस खरं बोलला म्हणून ते वाचले. कर्नेलच्या समोर बसलेला माणूस खरं बोलेलच असं नाही. पूर्णांक ओव्हरफ्लोमुळे सुरक्षेला भगदाड पडतं ते नेमकं इथे: पहारा जागेवर असतो, पहारेकरी जागा असतो, पण त्याच्या हातात दिलेला आकडा खोटा असतो.

आपण वहीत बेरीज करताना जागा संपली की डावीकडे आणखी एक आकडा लिहितो. प्रोसेसरला ती मोकळीक नाही. त्याच्याकडे आकडा ठेवायला ठरलेल्या खान्यांची पट्टी असते आणि प्रत्येक खान्यात ० किंवा १ एवढंच मावतं. या खान्याला बिट म्हणतात. आठ बिटांत, म्हणजे एका बाइटमध्ये, ० ते २५५ बसतात. सोळा बिटांत ६५,५३५ पर्यंत. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत, म्हणजे ४२९ कोटींच्या थोडं पुढे. त्यात आणखी एक मिळवा, शून्य येतं. चौसष्ट बिटांची पट्टी मात्र एवढी लांब आहे की ती भरायला १८ च्या पुढे अठरा शून्यं लागतील.

हे फिरणं उलटंही होतं. शून्यातून एक वजा केला की उणे एक यायला हवं, पण ज्या पट्टीत उण्याची सोयच नाही तिथे थेट ४,२९,४९,६७,२९५ येतं. जुन्या स्कूटरचा मीटर ०००००वरून उलटा फिरवला तर ९९९९९ दिसेल, तसंच हे. आणि जिथे उणे आकड्यांची सोय आहे तिथे निम्मे आकडे उण्याकडे जातात, वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ वर येते आणि तिच्या पुढचा आकडा उणे २१४ कोटींवर जाऊन पडतो. (जुन्या ३२ बिटांच्या यंत्रणांमध्ये १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच पट्टीत मोजले जातात. ती पट्टी १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

कोड लिहिणारे आम्ही याला 'रॅप झालं' म्हणतो. प्रोसेसरच्या दृष्टीने यात काहीच बिघडलेलं नसतं. घंटा वाजत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, पुढच्या ओळीकडे चुकीचा आकडा मुकाट्याने सोपवला जातो.

आता कर्नेल. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तो भाग ज्याच्या हातात सगळ्या किल्ल्या असतात. ब्राउझर, बँकेचं ॲप, गेम यातल्या कोणालाही मेमरी हवी, फाइल उघडायची, नेटवर्कवर काही पाठवायचं, तर कर्नेलला विचारावं लागतं. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचं कर्नेल आहे, घरातल्या वायफाय राउटरमध्ये बहुतेक तेच आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या टॉप ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. पुण्यातल्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय २०२० मध्ये याच यादीत ६३व्या क्रमांकावर होता. ब्राउझर गंडला तर ब्राउझर बंद पडतो. कर्नेल गंडलं तर त्याच्यावर उभं असलेलं सगळं ज्याने गंडवलं त्याच्या हातात जातं.

एरंडवण्यातल्या एखाद्या मोठ्या मंगल कार्यालयाची कल्पना करा. दोन हॉल शेजारी-शेजारी, दोन वेगळी लग्नं. व्यवस्थापक म्हणजे आपलं कर्नेल. जेवणासाठी त्याच्याकडे एक छापील फॉर्म आहे: पंगती किती, एका पंगतीत पानं किती, एकूण पानं किती. 'एकूण'साठी तीनच चौकोन आहेत, कारण फॉर्म छापला तेव्हा हजार पानं उठतील असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आता एका यजमानाने लिहिलं: पंगती २६, प्रत्येकी ४० पानं. गुणाकार १०४०. तीन चौकोनांत उरले ०४०. व्यवस्थापकाने चाळीस पानांची जागा आखून दिली. "चाळीस? हरकत नाही, बसतील," असं म्हणून पुढच्या कामाला लागला.

पण वाढपी फॉर्मवरचं 'एकूण' बघत नाहीत. ते पंगती मोजतात. सव्वीसच्या सव्वीस पंगती बसवायला लागले की एकेचाळिसावं पान आखलेल्या जागेच्या बाहेर पडतं, मग शेजारच्या हॉलमध्ये, मग त्या लग्नाच्या आहेराच्या खोलीत. आणि आहेराच्या खोलीत काय मांडायचं हे आता पहिल्या हॉलचा यजमान ठरवतो.

कर्नेलमध्ये हे अक्षरशः असंच घडतं. ॲप म्हणतं, 'मला इतक्या नोंदी ठेवायच्यात, प्रत्येक नोंद चार बाइटची.' कर्नेल संख्या गुणिले चार करतं आणि तेवढी मेमरी आखून देतं. ३२ बिटांच्या गणितात कोणी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२५ नोंदी मागितल्या तर गुणाकाराचं उत्तर येतं ४. चार बाइटची जागा मिळते आणि नोंदी लिहिणारा लूप मात्र १०७ कोटींच्या तयारीने सुटतो. शेजारच्या मेमरीत कर्नेलच्या स्वतःच्या वस्तू असतात: कोणत्या प्रोसेसला किती अधिकार आहेत, पुढे कोणतं फंक्शन चालवायचं याचे पत्ते. हल्लेखोर काय लिहायचं आणि कुठवर लिहायचं ते नीट जुळवतो, आणि साध्या युजरचा रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला मालक, होतो.

गुणाकाराचं उदाहरण पुस्तकी वाटेल म्हणून एक खरा बग जवळून बघू. सुरक्षेच्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत (सीव्हीई) त्याचा नंबर सीव्हीई-२०२२-०१८५.

लिनक्समध्ये एखादी फाइल सिस्टिम जोडताना तिला पर्याय द्यावे लागतात. हे पर्याय कर्नेल एकापुढे एक, मध्ये स्वल्पविराम घालून, ४०९६ बाइटच्या एका पानावर लिहीत जातं. नवा पर्याय आला की तो पानावर मावेल का, हे बघणारी तपासणी होती. मराठीत मांडायची तर अशी: 'नव्या मजकुराची लांबी ही ४०९६ वजा २ वजा आधी लिहिलेलं, यापेक्षा जास्त असेल तर नाही म्हणा.' ते दोन बाइट स्वल्पविराम आणि शेवटच्या खुणेसाठी. तपासणी वाचून बघा, तिच्यात खोट दिसत नाही. मीही पहिल्यांदा वाचली तेव्हा मला काही खटकलं नव्हतं.

आता आधी लिहिलेलं ४०९५ बाइट झालंय असं धरा. ४०९६ वजा २ वजा ४०९५ म्हणजे उणे १. पण हा आकडा उणे न मानणाऱ्या पट्टीत आहे. उणे एक फिरून त्या पट्टीतला सगळ्यात मोठा आकडा झाला. म्हणजे पानावर जेमतेम एक बाइट शिल्लक असताना तपासणी म्हणते, 'लिही बाबा, अमर्याद जागा आहे.' पान जितकं भरलेलं, तितका पहारेकरी निर्धास्त. हल्लेखोराने एवढंच करायचं, पान काठोकाठ भरायचं आणि मग हवं ते पुढे लिहायचं.

हा कोड २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.१ आवृत्तीत आला आणि जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्त झाला. मधल्या काळात कंटेनरच्या, म्हणजे प्रोग्रॅमला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणाऱ्या कुंपणाच्या, आत कोंडलेला प्रोग्रॅम याच वाटेने बाहेर पडून मूळ मशीन ताब्यात घेऊ शकत होता, आणि ज्यांनी बग शोधला त्यांनी ते करून दाखवलं. आज क्लाउडवरचं बरंच काम कंटेनरमध्ये चालतं, तेव्हा हे किती गंभीर होतं ते सांगायला नको. दुरुस्ती एका ओळीची. वजाबाकी काढून बेरीज केली: 'आधीचं अधिक नवं अधिक २ हे ४०९६ पेक्षा जास्त असेल तर नाही म्हणा.' गणिताच्या बाईंनी दोन्ही मांडण्यांना सारखेच मार्क दिले असते. प्रोसेसरच्या पट्टीत त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या विषयात मला सर्वात जास्त जे शिकायला मिळालं ते हेच. बीजगणितात पद एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेलं की काही बिघडत नाही, हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. कर्नेलमध्ये पद कोणत्या बाजूला आहे यावर मशीनची मालकी ठरते.

दुसरा प्रकार आकड्याचं पात्र बदलताना होतो. एका फंक्शनने मोठ्या, बिनउण्याच्या पट्टीत मोजलेलं दुसऱ्या फंक्शनने लहान, उण्याची सोय असलेल्या पट्टीत घेतलं की झालं. २०२१ च्या जुलैमध्ये क्वॉलिस या कंपनीच्या संशोधकांनी असा एक बग जाहीर केला आणि त्याला 'सिक्वोया' नाव दिलं. (कंपनी अमेरिकेतली, पण तिचं मोठं केंद्र आपल्या पुण्यातच आहे.) युक्ती अशी: फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर असे सुमारे दहा लाख थर रचायचे, इतके की त्या पत्त्याची लांबीच एक जीबीच्या वर जाईल. मग त्या ठिकाणी माउंट करायचं, म्हणजे फाइल सिस्टिम जोडायची, फोल्डर पुसून टाकायचा आणि कर्नेलकडे माउंटची यादी मागायची. कर्नेल यादीसाठी बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, घेतं, मावलं नाही की दुप्पट करतं, पुन्हा दुप्पट, असं करत २ जीबीवर पोचतं: २,१४,७४,८३,६४८ बाइट. हा आकडा उण्याची सोय असलेल्या ३२ बिटांच्या पट्टीत ओतला की उणे २,१४,७४,८३,६४८ होतो. आणि कर्नेल बफरच्या शेवटी लिहायला जातं ते बफरच्या सुरुवातीच्याही दोन जीबी मागे जाऊन लिहितं. लिहितं तरी काय? 'डिलीटेड' असा शेरा, दहा बाइटचा. एवढ्याशा शेऱ्यावरून त्या मंडळींनी उबंटू, डेबियन आणि फेडोरावर रूट मिळवून दाखवला. बग २०१४ पासून कोडमध्ये होता.

दहा लाख थरांचा फोल्डर कोण बनवेल, असं कोड लिहिणाऱ्याला वाटलं असणार. कोणी साधा माणूस बनवणार नाही, हे खरंच आहे. आपण कोड लिहितो तेव्हा डोळ्यांसमोर साधा माणूस असतो. हल्लेखोर मुद्दाम त्या कोपऱ्यात जाऊन बसतो जिथे साधा माणूस कधी जात नाही.

तिसरा प्रकार मोजणीचा. सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत दारावर मोजणीचं यंत्र आहे असं धरा. कोणी आत गेलं की एक वाढतो, बाहेर आलं की एक कमी होतो. शून्य दिसलं की वॉचमनने खोली रिकामी समजायची, कुलूप काढून दुसऱ्या बॅचला द्यायची. यंत्राला दोनच आकडे आहेत. आत खरोखर पाच मुलं वाचत बसलीत, यंत्रावर ०५. आता एका खोडकराला कळलं की दाराची दांडी एका विशिष्ट पद्धतीने ढकलली तर आत न जाताही आकडा वाढतो. त्याने ती ९५ वेळा ढकलली. ०५ चे ९९, मग ००. वॉचमन म्हणतो, खोली रिकामी. नवी बॅच आत शिरते, आणि जुन्यांच्या वह्या, पिशव्या, पैसे सगळं त्यांच्यासमोर उघडं.

कर्नेलमध्ये बऱ्याच वस्तूंना असा काउंटर असतो, रेफकाउंट म्हणतात त्याला. ही वस्तू किती जण वापरताहेत ते तो मोजतो आणि शून्य झालं की कर्नेल ती मेमरी परत घेऊन दुसऱ्याला देतं. २०१६ च्या जानेवारीत कळलं की लिनक्सच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात, म्हणजे कीरिंगमध्ये, नेमकी अशी सैल दांडी आहे, आणि ती २०१२ पासून तिथे आहे. एक विशिष्ट विनंती परत परत केली की काउंटर वाढायचा, पण पुन्हा कमी होत नसे. काउंटर ३२ बिटांचा, म्हणून ४२९ कोटी वेळा विनंती करावी लागे. अशक्य वाटतं ना? बग शोधणाऱ्यांनी त्या काळच्या एका साध्या आय-७ लॅपटॉप प्रोसेसरवर ते अर्ध्या तासात केलं. म्हणून एवढ्या वेळा कोण करत बसणार, हा युक्तिवाद रिव्ह्यूमध्ये कोणी माझ्यासमोर केला तर मी तो मान्य करत नाही.

यावरचा उपाय मला फार आवडतो. २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.११ आवृत्तीत नव्या प्रकारचा काउंटर आला. तो वरच्या टोकाला पोचला की फिरत नाही, तिथेच अडकून बसतो आणि मग कधीच खाली येत नाही. म्हणजे ती खोली पुन्हा कोणालाच मिळणार नाही. थोडी मेमरी कायमची वाया गेली. चालेल. एक खोली वाया जाणं आणि परक्याच्या हातात जाणं यात निवड करायची वेळ आली तर कोणीही समजूतदार माणूस पहिलीच निवडेल.

आत्तापर्यंतच्या उदाहरणांत हल्लेखोराला मशीनवर आधी शिरकाव लागत होता. पण नुसत्या नेटवर्कवरूनही हे होतं. २०१९ च्या जूनमध्ये नेटफ्लिक्सच्या अभियंत्याने शोधलेल्या 'सॅक पॅनिक'चं गणित एका ओळीचं आहे: पाठवायच्या डेटाचे १७ तुकडे, प्रत्येकी ३२ केबी, आणि समोरच्याने हट्ट करून प्रत्येक पाकिटात ८ बाइटच डेटा घ्यायचं ठरवलेलं. १७ × ३२ × १०२४ भागिले ८ म्हणजे ६९,६३२ पाकिटं. मोजायला ठेवलेली पट्टी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३५ पर्यंत. दूरवरून जुळवलेली पाकिटं पाठवली की सर्व्हर कोसळायचा.

आणि मग २०१७. विंडोजच्या कर्नेलमध्ये फाइल शेअरिंग सांभाळणारा एक ड्रायव्हर आहे. त्यातली चूक समजायला हे बघा. वहीत १०,००० लिहिलंय, ते खोडून ९,९५० करायचं आहे. पण तुमचा खोडरबर चारच आकड्यांच्या रुंदीचा आहे. तुम्ही उजवीकडचे चार खोडले, तिथे ९९५० लिहिलं, आणि सगळ्यात डावीकडचा १ तसाच राहिला. वहीत आता १९,९५० आहे. कमी करायला गेलात आणि जवळजवळ दुप्पट झालं. त्या ड्रायव्हरमध्ये ३२ बिटांची लांबी दुरुस्त करताना खालचे १६ बिटच लिहिले जात होते. ६५,५३६ चे ६५,३७३ व्हायचे, त्याऐवजी १,३०,९०९ झाले. आखलेली जागा लहान आणि आत ओतायचं मोठं, पुन्हा तीच पंगत.

या एका भगदाडावर 'इटर्नलब्लू' नावाचं हत्यार उभं राहिलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला. हत्यार १४ एप्रिलला चव्हाट्यावर आलं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. जूनअखेरीस 'नॉटपेट्या' आला, त्याने पसरायला वापरलेल्या मार्गांपैकी हाही एक होता, आणि त्याचा फटका न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला. चाकणचा माल ज्या बंदरातून परदेशी जातो तेच हे बंदर. खोडरबर दोन बाइट तोकडा पडला आणि उरणजवळ कंटेनरच्या रांगा लागल्या. मार्चचा पॅच जूनपर्यंत न लावलेली मशीनं जगभर होती. तुमच्या फोनवर सिक्युरिटी अपडेट आलंय आणि तुम्ही 'नंतर' दाबताय, तेव्हा हे तीन महिने आठवा. कृपा करून त्याच रात्री लावून टाका.

मला नेहमी विचारलं जातं, 'मग प्रत्येक बेरजेला तपासणी का नाही लावत?' प्रामाणिक उत्तर असं की कर्नेलमध्ये काही आकडे मुद्दाम फिरू दिले जातात. नेटवर्कच्या पाकिटांचे क्रमांक फिरतात, ते तसेच ठरलेत. कर्नेलच्या घड्याळाचे ठोकेही फिरतात. लिनक्सने तर एक फार शहाणपणाची गोष्ट केली आहे: ३२ बिटांच्या मशीनवर ठोक्यांचा हा काउंटर शून्यापासून सुरू न होता असा सुरू होतो की मशीन चालू झाल्यावर पाचच मिनिटांत तो फिरतो. शून्यापासून सुरू केला असता तर तो फिरायला कित्येक दिवस लागले असते आणि कोणाच्या ड्रायव्हरला ते सहन होत नाही हे ग्राहकाच्या मशीनवर कळलं असतं. आता ते लिहिणाऱ्याच्या टेबलावर पाच मिनिटांत कळतं. ज्या कोणाला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

तेव्हा कोणतं फिरणं हवंय आणि कोणतं नकोय हे माणसाने कोडमध्ये सांगावं लागतं. त्यासाठी आता बरी अवजारं आहेत. संख्या गुणिले आकार असं हाताने न करता कर्नेलमधली तयार फंक्शनं वापरायची. गुणाकार ओसंडला तर त्यातली काही सरळ नकार देतात, काही उत्तराला मुद्दाम सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेऊन ठेवतात, म्हणजे तेवढी मेमरी मिळणारच नाही आणि मागणी आपोआप फेटाळली जाईल. तीन चौकोनांच्या फॉर्मवर १०४० आले तर ०४० न लिहिता ९९९ लिहायचं आणि व्यवस्थापकाने 'एवढी जागा नाही' म्हणून परत पाठवायचं, असा तो प्रकार. शिवाय गूगलचं सिझकॉलरसारखं अवजार रात्रंदिवस कर्नेलला वेड्यावाकड्या विनंत्या करत असतं. पानावर ४०९५ बाइट भरून बघायचा कंटाळा त्याला येत नाही. वर सांगितलेला २०२२ चा बग त्यानेच वर काढला. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्समध्ये रस्ट भाषेलाही जागा मिळाली आहे. तिच्यात ओसंडलेल्या गणितावर तपासणी चालू ठेवता येते.

सी भाषेत मात्र एक खोल खड्डा राहतोच. उण्याची सोय असलेला आकडा ओसंडला तर काय व्हावं, हे सी भाषेच्या नियमांत ठरवलेलंच नाही. म्हणून कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला कोड प्रोसेसरच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, असं गृहीत धरायला मोकळा असतो की तो ओसंडणारच नाही. तुम्ही लिहिलं, 'मूळ आकड्यात १०० मिळवून तो लहान झाला तर थांबा.' कंपायलर म्हणतो, शंभर मिळवून आकडा लहान कसा होईल? आणि तुमची ओळच काढून टाकतो. सोर्समध्ये पहारेकरी दिसतो, चालणाऱ्या कोडमध्ये तो नसतो. लिनक्सचं कर्नेल कंपायलरला खास सूचना देऊन हे थांबवतं. तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमला ती सूचना दिली आहे का, ते बघून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा त्याचा पहिला पॅच घेऊन माझ्या टेबलाशी आला. युजरने दिलेल्या जागेपासून दिलेल्या लांबीचा मजकूर बफरमधून वाचायचा होता. तपासणी त्याने घातली होती: 'सुरुवात अधिक लांबी हे आकारापेक्षा जास्त असेल तर परत पाठवा.'

"हे दोन आकडे कुठून येतात?" मी विचारलं.

"युजरकडून, मॅडम."

"किती बिटांचे?"

"बत्तीस."

मी कागद पुढे सरकवला. "सुरुवात १०० घे. लांबी घे ४,२९,४९,६७,२०६. कर बेरीज."

त्याने केली. बत्तीस बिटांत उत्तर १० आलं. त्याने पेन तसंच धरून ठेवलं, मग काही न बोलता ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'लांबी ही आकार वजा सुरुवात यापेक्षा जास्त असेल तर परत पाठवा.'

"बरं. आणि सुरुवातच आकारापेक्षा मोठी दिली तर?"

या वेळी त्याला कागद लागला नाही. "वजाबाकी फिरेल," तो म्हणाला, आणि त्या ओळीच्या वर आणखी एक ओळ घातली: सुरुवात आकारापेक्षा मोठी असेल तर तिथेच परत. मग जागेवर जाऊन त्याने दोन्ही आकड्यांच्या दोन टेस्ट लिहिल्या, चालवल्या, आणि पॅच पुन्हा माझ्याकडे पाठवला.